पट्टी पुढे सरकते, हात बाहेर राहतो
(प्रोग्रेसिव्ह डायमधील घडाई आणि जुळणी)

वर्धा नदीच्या काठी, मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसलेले पुलगाव बाहेरच्या माणसास दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक येथील कापड गिरणी, जी आता बंद पडली आहे; दुसरे केंद्रीय दारूगोळा भांडार. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उगवत आणि मावळत, त्या घरांतील मुले आज कामाच्या शोधात नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, चाकणकडे जातात. तेथे नवख्या मुलाच्या वाट्याला अनेकदा पहिले काम येते ते पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या प्रेस विभागातील. या विभागात नेमके काय चालते, याची कल्पना त्याला निरोप देणाऱ्या शिक्षकास किंवा सरपंचास सहसा नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती करून देण्याचा आहे.

विषय वाटतो तितका परका नाही. वर्ध्याजवळ भूगाव येथील पोलाद कारखान्यात गरम लाटलेल्या, थंड लाटलेल्या आणि जस्त चढविलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्या तयार होतात. अशाच गुंडाळीतून पुढे मोटारसायकलचे कंस, पेटीच्या बिजागऱ्या, विजेच्या मीटरचे डबे, कुलपांची अंगे निर्माण होतात. गुंडाळी आणि वस्तू यांच्यामध्ये जे साधन उभे असते त्यास कारखान्यात ‘प्रेस टूल’ किंवा नुसते ‘डाय’ म्हणतात. या साधनांच्या घराण्यात सर्वांत कसबाचा जो प्रकार आहे, तो प्रोग्रेसिव्ह डाय होय.

एक काम, एक डाय, एक हात

प्रथम जुनी आणि आजही लहान कारखान्यांतून सर्रास आढळणारी पद्धत पाहू. डायचे दोन भाग असतात. खालचा भाग प्रेसयंत्राच्या पाटावर घट्ट बसविलेला असतो. त्यात हव्या त्या आकाराचे भोक असते. वरचा भाग, म्हणजे पंच, यंत्राच्या वरखाली होणाऱ्या सरकत्या डोक्याला जोडलेला असतो. दोहोंच्या मध्ये पत्रा ठेवायचा, पायपट्टी दाबायची. पंच खाली येतो आणि पत्र्यातून तेवढा तुकडा कापून खाली पाडतो.

यामागील जोर केवढा असतो? कापला जाणारा परीघ, पत्र्याची जाडी आणि त्या धातूची कातरण्यास विरोध करण्याची शक्ती यांचा गुणाकार केला की तो मिळतो. एक मिलीमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून पाच सेंटीमीटर व्यासाची चकती काढावयाची, तर सुमारे पाच टन जोर लागतो. मानवी बोटाला त्याच्या अल्पांशाचीही गरज नसते.

आता एखाद्या साध्या कंसाला पाच कामे आहेत असे समजू : आकार कापणे, दोन भोके पाडणे, एक बाजू वाकविणे, दुसरी बाजू वाकविणे आणि अखेरीस कड साफ करणे. पाच कामांना पाच डाय आणि पाच प्रेसयंत्रे. दिवसाकाठी दीड हजार नग करावयाचे झाल्यास पत्रा ठेवण्यासाठी साडेसात हजार वेळा कोणाचा तरी हात पंचाखाली जातो, आणि नग काढण्यासाठी पुन्हा तेवढ्याच वेळा. काम एकसुरी असते. दुपारनंतर डोळा जड होतो, पाय मात्र सवयीने पायपट्टीवर पडत राहतो.

त्यात यंत्राचीही एक खोड आहे. जुन्या बनावटीच्या प्रेसयंत्रांत फिरते जड चाक आणि दांडा यांना जोडणारी एक चावी असते. ती एकदा गुंतली की फेरा पूर्ण झाल्याशिवाय पंच थांबत नाही. मध्येच हात दिसला तरी यंत्र रोखता येत नाही. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली, तर पायपट्टी न दाबताही पंच दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण-क्लचच्या नव्या यंत्रांत पंच वाटेत थांबविता येतो, म्हणून त्यांवर प्रकाशकिरणांचा पडदा बसविणे उपयोगी ठरते. जुन्या चावीच्या यंत्रावर असा पडदा लावणे म्हणजे देखावा.

हाताचे मोल कायद्यानेही केलेले आहे. नुकसानभरपाईविषयक १९२३ च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के कमी झाली असे मानण्यात आले होते. हे आकडे वाचताना कोणाच्याही मनात येईल की, हात पंचाखाली जाऊच नये अशी सोय करता येणार नाही काय?

ती सोय म्हणजे प्रोग्रेसिव्ह डाय.

पट्टीचा प्रवास

या पद्धतीत सुटा तुकडा हाताळावा लागत नाही. गुंडाळीतून उलगडलेली, सरळ केलेली लांब पट्टी यंत्रालाच जोडलेल्या पुरवठा-यंत्रणेने डायमध्ये सरकते. दर ठोक्याला ती ठरलेले अंतर पुढे जाते. या अंतरास ‘पिच’ म्हणतात. डायमध्ये ओळीने टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर भोके पडतात, तोच भाग पुढच्या ठोक्याला दुसऱ्या टप्प्यावर जाऊन त्याच्या कडा कापल्या जातात, तिसऱ्यावर तो वाकतो, आणि असे होत होत शेवटच्या टप्प्यावर तयार नग पट्टीपासून सुटून खाली पडतो. डाय भरलेला असताना प्रत्येक ठोक्याला सर्व टप्प्यांवर एकाच वेळी काम होते. दहा टप्प्यांचा डाय असला तरी प्रत्येक ठोक्याला एक पूर्ण नग बाहेर येतो. मिनिटाला साठ ठोके धरले तर वरील दीड हजार कंस पंचवीस मिनिटांत होतात, आणि त्या अवधीत नग ठेवण्या-काढण्यासाठी एकही हात पंचाखाली जात नाही.

येथे एक अडचण सहज लक्षात येईल. पट्टी दर वेळी केसभरही इकडेतिकडे न होता थांबली पाहिजे. नाहीतर पहिल्या टप्प्यावरचे भोक आणि चौथ्या टप्प्यावरचे वाकण यांचा मेळ बसणार नाही. पुरवठा-यंत्रणा पट्टी जवळजवळ योग्य जागी आणते, पण शेवटचा नेमकेपणा पायलट नावाच्या खुंट्यांमुळे येतो. पहिल्याच टप्प्यावर पट्टीच्या कडेला भोके पाडलेली असतात. पुढील टप्प्यांवर टोकदार खुंट्या पंचाच्या आधी त्या भोकांत शिरतात आणि पट्टीला अचूक जागी ओढून घेतात. मग पंच कामास लागतात. पंच आणि डाय यांच्यामधील फटही अशीच नाजूक असते : साध्या पोलादासाठी प्रत्येक बाजूस पत्र्याच्या जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के. एक मिलीमीटर पत्र्यासाठी ही फट फार तर माणसाच्या केसाएवढी. ती वाढली की कडेला धारदार ‘बर’ उभी राहते, कमी झाली की पंच लवकर झिजतो.

नग शेवटपर्यंत पट्टीला कोठेतरी जोडलेला ठेवावा लागतो, हीदेखील डाय आखणाऱ्याची कसोटीच. जोडणारा दुवा फार बारीक असेल तर पट्टी मध्येच मुडपते. फार रुंद असेल तर धातू वाया जातो. कागदावर पट्टीचा आराखडा आखण्यात जाणत्या कारागिराचे कित्येक दिवस जातात. त्यात काही टप्पे मुद्दाम रिकामे सोडलेले असतात. कलाशाखेच्या पदवीधरास हे रिकामे टप्पे प्रथम उधळपट्टीच वाटतात. परंतु दोन नाजूक पंच एकमेकांच्या अगदी शेजारी आले तर मधली पोलादी भिंत तडकते, म्हणून ही मोकळी जागा. पुढेमागे एखादे काम वाढवावे लागल्यास तीच कामी येते.

विजेच्या बटनातील पितळी पट्टी

प्रत्येक घरात असलेल्या वस्तूचे उदाहरण घेऊ. भिंतीवरच्या विजेच्या बटनाच्या आत एक लहान पितळी पट्टी असते. तिच्या एका टोकाला तार आवळण्यासाठी आटे पाडलेले भोक आणि दुसऱ्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा छोटा ठिपका असतो. बटन दाबले की तोच समोरच्या ठिपक्याला टेकतो. ही पट्टी वेगवेगळ्या यंत्रांवर करावयाची तर कापणे, वाकविणे, आटे पाडणे आणि ठिपका ठोकून बसविणे अशी चार ठिकाणे फिरावी लागतील. एकाच डायमध्ये तिचा क्रम असा लावता येतो.

आरंभी पायलटसाठी भोके पडतात. त्यानंतर आट्यांसाठी लहान भोक पाडून लगेच पुढच्या टप्प्यावर त्या भोकातून जाडसर पंच दाबला जातो. त्यामुळे भोकाच्या कडेचा धातू खाली ढकलला जाऊन कॉलरसारखी नळी तयार होते. ही नळी कशासाठी? चार मिलीमीटरच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर ०.७ मिलीमीटर असते. एक मिलीमीटर पत्र्यात जेमतेम दीड आटा बसेल, आणि पहिल्यांदाच जोराने आवळले की तो निसटेल. नळी केल्याने त्याच धातूतून अधिक खोली मिळते. निराळे नट लावण्याचे कारण उरत नाही.

पुढचा टप्पा आटे पाडण्याचा. डायमध्ये आटे कसे पाडता येतील, असा प्रश्न साहजिक आहे, कारण पंच सरळ खाली येतो आणि टॅप तर फिरला पाहिजे. यासाठी डायमध्ये एक छोटी यंत्रणा बसवितात. सरकते डोके खालीवर होताना तिच्यातील स्क्रू किंवा दंतपट्टी फिरते आणि तीच गती टॅपला मिळते. नव्या प्रकारात टॅपला स्वतंत्र विद्युत मोटार असते. पट्टी स्थिर असतानाच टॅपला आत जाऊन आटे पाडून बाहेर यावे लागते, म्हणून प्रेसचा वेग या टप्प्यावर बेतावा लागतो. येथे धातू कापणारा टॅप चालत नाही. त्याचा भुसा डायमध्ये पडला तर नाजूक भाग खराब होतील. म्हणून धातू न कापता तो दाबून बाजूला सारणारा टॅप वापरतात. भुसा निघत नाही आणि दाबले गेलेले आटे मजबूतही होतात.

त्यानंतर पट्टीचा आकार कडेने कापला जातो आणि ठिपक्यासाठी भोक पडते. आता बाजूने चांदीच्या मिश्रधातूची तार आत सरकते. तिचा ठरलेल्या लांबीचा तुकडा कापला जातो, भोकात बसतो आणि वरून-खालून दाबला जाऊन त्याचे रिव्हेट होते. एका ठोक्याच्या अवधीत पितळ आणि चांदी यांची जुळणी झाली. मग पट्टी दोन टप्प्यांत वाकते आणि अखेरीस दुवा कापून नग मोकळा होतो.

क्रम असाच का, याचे उत्तर धातूच्या वागणुकीत आहे. वाकणाऱ्या रेषेजवळ आधीच भोक असेल तर वाकताना ते लांबट होते. अशा वेळी भोक नंतर पाडतात. वाकविलेला पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून नव्वद अंशांचा कोन हवा असेल तर त्याहून थोडे अधिक वाकवावे लागते. किती अधिक, ते पत्र्याच्या कठीणपणावर अवलंबून. म्हणूनच गुंडाळी बदलली की तोच डाय निराळे माप देऊ लागतो, आणि कच्च्या मालाच्या गुणवत्तेविषयी कारखानदार एवढे काटेकोर असतात.

काडतूस, नाणे आणि पंपाची मोटार

वाकविण्यापलीकडेही पुष्कळ आकार डायमध्ये देता येतात. पत्र्याला मजबुती यावी म्हणून शिरा उठविणे, हवा जाण्यासाठी झरोके काढणे, बिजागरीच्या कडेची गोल सुरळी वळविणे, अक्षरे उमटविणे ही त्यातली नित्याची कामे. सर्वांत अवघड काम म्हणजे सपाट पत्र्यातून वाटीसारखा खोल आकार ओढून काढणे. पहिल्या ओढीत चकतीचा व्यास वाटीच्या व्यासाच्या दुपटीपलीकडे सहसा नेता येत नाही. नेल्यास वाटीचा तळ फाटतो. अधिक खोली हवी तर दोन-तीन टप्प्यांत ओढावे लागते. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये हे करताना चकतीच्या भोवती आधी कमानीसारख्या फटी पाडतात, म्हणजे वाटीकडे धातू ओढला जाताना पट्टी आक्रसत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्यांपैकी एक पुलगावकरांना ओळखीच्या वस्तूवरून समजेल. दारूगोळा भांडारामुळे काडतूस हा शब्द येथे नवा नाही. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखान्यात काडतुसे तयार होतात. काडतुसाचे कवच पितळेच्या वाटीपासून अनेकदा ओढून लांब केले जाते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होत जाते. पुढची ओढ देण्यापूर्वी ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. सर्वसाधारण प्रोग्रेसिव्ह डायमध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये अशी भट्टी घालता येत नाही. म्हणून असे लांब कवच वेगवेगळ्या यंत्रांवर, मधूनमधून भट्टीत जात-येत पूर्ण होते. जो आकार एका दमात, धातू मध्येच मऊ न करता देता येतो, तोच या डायच्या वाट्याचा.

धातू दाबाखाली पसरतो आणि रिकाम्या जागेत शिरतो, हा गुण जुळणीसाठी फार उपयोगी पडतो. २००९ मध्ये चलनात आलेले दहा रुपयांचे दुरंगी नाणे खिशातून काढून पाहावे. २७ मिलीमीटर व्यासाच्या या नाण्यात बाहेरची कडी एका धातूची आणि आतील चकती दुसऱ्या धातूची आहे. दोहोंमध्ये डिंक नाही, झाळकाम नाही. छाप उमटविणाऱ्या त्याच ठोक्यात दोन्ही धातू एकमेकांत दाबले जातात आणि कडीचा धातू चकतीच्या कडेवरील खाचेत घट्ट बसतो. टांकसाळीतील हे काम प्रोग्रेसिव्ह डायमध्ये होत नसले तरी तत्त्व तेच आहे. या तत्त्वावरच डायमध्ये दोन पत्रे कोणत्याही रिव्हेटाशिवाय एकमेकांत दाबून गुंतविता येतात, आणि कडक पोलादी नट पत्र्यात ठोकून कायमचे बसविता येतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण विहिरीवरील पंपाच्या मोटारीचे आहे. मोटार जळाली की दुरुस्तीवाला ती उघडतो, तेव्हा आत पातळ पत्र्यांची चळत दिसते. दुरुस्तीवाले तिला ‘स्टॅम्पिंग’ म्हणतात. पोलादाचा एकच भरीव ठोकळा न वापरण्याचे कारण असे की, बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे भरीव धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होऊन वीज उष्णतेत वाया जाते. पातळ, एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या अलग अशा पत्र्यांमुळे हे नुकसान घटते. अर्धा मिलीमीटर जाडीच्या पत्र्या असतील तर पाच सेंटीमीटरच्या चळतीला शंभर पत्र्या लागतात. पूर्वी त्या हाताने रचून, मापून, रिव्हेटने किंवा झाळून बांधाव्या लागत.

आज हीच रचना डायमध्ये करता येते. प्रत्येक पत्रीवर अर्धवट कापलेला एक छोटा उठाव काढतात : वरून खड्डा, खालून टेंगूळ. नवी पत्री कापली जाऊन खाली ढकलली जाते तेव्हा तिचे टेंगूळ आधीच्या पत्रीच्या खड्ड्यात दाबून बसते. पत्री मागून पत्री अशी आपोआप बांधलेली चळत तयार होते. शंभर पत्र्यांनंतर चळत तुटावी कशी? त्यासाठी नव्या चळतीच्या पहिल्या पत्रीला टेंगूळ न काढता त्या जागी आरपार भोक पाडतात. ती आधीच्या चळतीत गुंतत नाही. पत्रा एका कडेला किंचित जाड असेल तर चळत तिरकी होऊ नये म्हणून काही डायमध्ये चळतच ठरलेल्या कोनातून फिरवीत नेतात. एका साध्या भोकाने मोजणीचा प्रश्न सोडविणारी ही युक्ती ज्या कारागिराला सुचली असेल, त्याचे कौतुक वाटते.

याशिवाय दोन बाजूंनी दोन पट्ट्या आणून त्यांचे भाग मध्यभागी एकत्र जुळविणे, डायमध्येच विजेने झाळणे अशीही कामे होतात. ती विशेष प्रकारची असल्याने येथे केवळ उल्लेख पुरे.

पोलादाची शिस्त

एवढी कामे एका डायमध्ये कोंबली की एका चुकीची किंमतही वाढते. पट्टी अर्धवट सरकली, किंवा कापून खाली पडावयाची टिकली पंचाला चिकटून वर आली, तर पुढच्याच ठोक्याला पंच मोडतो. म्हणून चांगल्या डायमध्ये संवेदक बसविलेले असतात. पट्टी जागेवर आली नाही किंवा नग बाहेर पडला नाही तर यंत्र थांबते. लांब डायच्या एकाच टोकाला जड काम ठेवले तर सरकते डोके तिरके दाबले जाते आणि यंत्राच्या वाटा झिजतात. म्हणून जोर दोन्ही बाजूंना वाटून द्यावा लागतो. डायचे कापणारे भाग कठीण केलेल्या पोलादाचे असतात, पत्र्यांच्या चळतीसाठी तर टंगस्टन कार्बाइडचे. तरीही ठरावीक ठोक्यांनंतर त्यांना धार लावावीच लागते.

असा डाय महाग पडतो. महिन्याला दोन-चार हजार नग हवे असणाऱ्या लहान उद्योजकाने प्रोग्रेसिव्ह डायच्या मोहात पडू नये. तेवढ्यासाठी साधा डाय, चिमटा, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटने आणि पंचासमोरची जाळी पुरेशी असते. लाखांच्या संख्येने तोच नग लागत असेल तेव्हाच हा खर्च भरून येतो.

या बदलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच प्रेसयंत्रांवरील पाच माणसांच्या जागी एक यंत्र आणि त्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस येतो. पंचाखाली हात घालण्याचे काम नाहीसे झाले म्हणून कोणी अश्रू ढाळू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु टेबलाशी बसून ठिपके बसविणे, पत्र्या रचणे, स्क्रू लावणे ही कामे तुलनेने निर्धोक होती आणि बऱ्याच ठिकाणी ती स्त्रियांच्या हातची होती. डायमध्ये जुळणी होऊ लागली की तीही जातात. नवे काम निर्माण होते ते डाय घडविणाऱ्या, बसविणाऱ्या आणि धार लावणाऱ्या टूलरूममध्ये. तेथे माणसे कमी लागतात, पण शिकलेली लागतात. जुने काम गेलेल्या बाईला हे नवे काम आपोआप मिळत नाही. कौशल्य प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार करावा.

गावात आणि शाळेत

प्रेसवर चालणारा छोटा उद्योग गावात येतो तेव्हा पंचायत सदस्यांना काही गोष्टी सहज विचारता येतील. यंत्र चावीच्या क्लचचे आहे की घर्षण-क्लचचे? पंचासमोर जाळी आहे काय, आणि ती काम करताना जागेवर असते की भिंतीला टेकवलेली? पायपट्टी आहे की दोन हातांची बटने? अडकलेला तुकडा काढताना आणि डाय बदलताना यंत्र बंद करून सरकत्या डोक्याखाली आधाराचा ठोकळा लावतात काय? प्रोग्रेसिव्ह डाय चालू असताना हात आत जात नसला तरी पट्टी प्रथम भरताना आणि अडकलेला तुकडा काढताना जातो. अपघात होतो तो बहुधा अशाच वेळी.

हे प्रश्न गावाने विचारण्याचे कारण आहे. धोकादायक भागांना भक्कम संरक्षक असावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये होती. अल्पवयीन कामगारांना अशा यंत्रांवर प्रशिक्षणावाचून ठेवण्यास कलम २३ ने प्रतिबंध केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्या व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असल्यास तो ‘कारखाना’ ठरतो. सहा-सात माणसांचे प्रेसचे शेड या व्याख्येबाहेर राहते, बोटे मात्र तेथेही तेवढीच असतात.

शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘टूल अँड डाय मेकर’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रेस टूल, जिग व फिक्स्चर यांची एक शाखा आणि डाय व मोल्ड यांची दुसरी. दोहोंना दहावी उत्तीर्ण विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतात. पुढील शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारखी केंद्र शासनाची संस्था राज्यातच उपलब्ध आहे. मुलगा ‘कंपनीत लागला’ एवढ्यावर समाधान न मानता तो प्रेसवर लागला की टूलरूममध्ये, हे पालकांनी विचारावे. पहिल्या ठिकाणी तो डाय वापरतो, दुसऱ्या ठिकाणी डाय करतो, आणि दहा वर्षांनंतरच्या पगारात हा फरक दिसतो.

माध्यमिक शाळेत हा विषय शिकविण्यास यंत्र लागत नाही. जाड कागदाची तीन बोटे रुंद लांब पट्टी, कार्यालयात कागदांना भोके पाडण्यासाठी असते ते पंचिंग मशीन, कात्री आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. एका मुलाने भोक पाडावे, दुसऱ्याने कडा कापाव्यात, तिसऱ्याने घडी घालावी, चौथ्याने तुकडा सोडवावा. पट्टी दर टाळीला तीन सेंटीमीटर पुढे सरकावी. प्रथम ती केवळ नजरेच्या अंदाजाने सरकवू द्यावी. चार-सहा टाळ्यांतच घडी भोकावर येऊ लागते. मग पट्टीच्या कडेला दर तीन सेंटीमीटरवर भोक पाडून टेबलावर उलट्या टोचलेल्या टाचणीत ते अडकवीत न्यावे, आणि दोन्ही वेळचे तुकडे शेजारी ठेवून मुलांना मोजपट्टीने मोजू द्यावेत.